आधी कागद, मग काटे



या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रे एकाच विषयावरची निघाली. विषय आपल्या सदरात आजवर कधी आला नव्हता. पहिले पत्र मुरबाडचे. लिहिणारे कापडाचे व्यापारी आहेत. मार्गशीर्षात कन्येचा विवाह आहे. जावयाला स्विस घड्याळ द्यावयाचे आहे. मॉडेलचे नाव मुलाकडून कळविण्यात आले आहे. मुंबईतील अधिकृत विक्रेत्याने किंमत सहा लाख रुपये सांगितली. तेच मॉडेल दोन वर्षे वापरलेले, 'अगदी नव्यासारखे', कल्याणमधील ओळखीच्या एका गृहस्थांकडे चार लाख वीस हजारांना मिळते आहे. नवे घ्यावे की वापरलेले, असा त्यांचा प्रश्न.

दुसरे पत्र शहापूर तालुक्यातील एका तिशीतील तरुणाचे. वडिलोपार्जित जमिनीचा काही भाग महामार्गात गेला, मोबदला बँकेत जमा झाला. त्यातून एक चांगले घड्याळ घ्यावे, तेही वापरलेले, म्हणजे 'गुंतवणूकही होईल', असा त्याचा मानस. वडिलांचे म्हणणे, पैसे मुदत ठेवीत राहू द्यावेत.

दोन्ही पत्रांना आजच्या लेखात उत्तर देत आहे. मात्र उत्तर 'हे घ्या, ते नको' एवढ्या दोन शब्दांत देण्यासारखे नाही. आधी ही वस्तू काय आहे, तिचा हिशेब कसा मांडावा आणि तिच्यासोबत कोणते कागद येतात, हे पाहू.

गरज सरली, दागिना उरला

आपल्या दोन्ही तालुक्यांत घड्याळ ही आयुष्यात एकदाच घ्यावयाची वस्तू होती. सरकारी मालकीच्या एचएमटी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरमध्ये मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले आणि 'जनता'सारखे मॉडेल शिक्षकाच्या, तलाठ्याच्या, दुकानदाराच्या मनगटावर आले. रोज सकाळी चावी द्यावयाची आणि आकाशवाणीच्या वेळेशी काटे जुळवावयाचे, हा घरोघरचा नित्यक्रम होता. १९८४ साली टायटन कंपनी स्थापन झाली, होसूरच्या कारखान्यातून सेलवर चालणारी घड्याळे येऊ लागली आणि चावी देणे मागे पडले. पुढे मोबाइल आला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास मान्यता दिली.

वेळ पाहण्यासाठी आज कोणालाही घड्याळाची गरज उरलेली नाही. पाच-सहा लाखांचे घड्याळ हा दागिना आहे, आणि दागिना म्हणूनच त्याचा विचार व्हावयास हवा. परंतु सोन्याच्या दागिन्याहून तो एका बाबतीत अगदी वेगळा आहे. सोन्याचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो. कोणत्याही सराफाकडे नेले तरी वजन आणि शुद्धता पाहून किंमत ठरते. घड्याळाची किंमत नाव, मॉडेल, अवस्था, कागदपत्रे आणि त्या दिवशी ते घेणारा माणूस भेटतो की नाही, यांवर ठरते. बँकेतील माझ्या सेवाकाळात सोने तारण ठेवून कर्ज घेणाऱ्यांची रांग रोजची होती. घड्याळ तारण ठेवावयास आलेला ग्राहक मात्र मी पाहिला नाही, आणि आला असता तरी शाखेत त्यासाठी योजनाच नव्हती. बँक जी वस्तू तारण म्हणून घेत नाही, तिला गुंतवणूक म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

हिशेब मांडून पाहू

मुरबाडच्या पत्रातील आकडेच घेऊ. नवे सहा लाखांचे, वापरलेले चार लाख वीस हजारांचे. दोन्ही पाच वर्षांनी विकली, असे समजू. पुढील रक्कम अंदाजी आहेत. आपल्या घड्याळाचे आकडे आपण स्वतः घालावेत.

नवे घड्याळ पाच वर्षांनी ३,९०,००० रुपयांना गेले, तर घट २,१०,००० रुपयांची. सहा लाख रुपये साडेसहा टक्क्यांच्या, तिमाही चक्रवाढीच्या मुदत ठेवीत पाच वर्षे राहिले असते, तर करापूर्वी सुमारे २,२८,००० रुपये व्याज मिळाले असते. ते बुडाले. एकूण खर्च ४,३८,००० रुपये, म्हणजे महिन्याला ७,३०० रुपये.

वापरलेले घड्याळ पाच वर्षांनी ३,३०,००० रुपयांना गेले, तर घट ९०,००० रुपयांची. यांत्रिक घड्याळ दर काही वर्षांनी पूर्ण उघडून साफ करावे लागते, तेल बदलावे लागते. वापरलेल्या घड्याळाच्या बाबतीत हा खर्च आपल्याच काळात येण्याचा संभव अधिक. त्यासाठी ४५,००० रुपये धरू. बुडालेले व्याज सुमारे १,६०,००० रुपये. एकूण २,९५,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,९०० रुपये.

या हिशेबात दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की दोन्ही घड्याळे महाग आहेत. 'पैसे कुठे जातात, घड्याळ तर घरातच आहे' हे म्हणणे खरे नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वापरलेल्या घड्याळात पाच वर्षांत सुमारे १,४३,००० रुपये वाचतात. हे पैसे कोणी आपल्याला भेट म्हणून देत नाही. नवे घेताना वस्तू अस्सल आहे, ती रीतसर देशात आली आहे, ती विकण्याचा हक्क विकणाऱ्याला आहे, या तिन्ही गोष्टींची जबाबदारी अधिकृत विक्रेता उचलतो आणि त्याचे मोल किमतीत घेतो. वापरलेले घेताना हीच जबाबदारी आपल्या खांद्यावर येते. वाचलेली रक्कम ही त्या खातरजमेची मजुरी आहे. जो खातरजमा करील, त्याला ती मिळाली. जो करणार नाही, त्याने न केलेल्या कामाची मजुरी उचलली. ती केव्हातरी परत द्यावी लागते.

कराचे गणित

वापरलेले घड्याळ स्वस्त का, याचे अर्धे उत्तर करात आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात मनगटी घड्याळांवरील मूळ सीमाशुल्क १० वरून २० टक्के झाले. त्यावर समाजकल्याण अधिभार धरता २२ टक्के, आणि या बेरजेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर. शंभर रुपये मूल्याचे घड्याळ बंदरातून बाहेर पडेपर्यंत जवळजवळ १४४ रुपयांचे होते. विक्रेत्याचा नफा त्यानंतरचा. पहिला ग्राहक हा सगळा कर भरतो आणि दुकानाबाहेर पडताच त्यातील बराचसा भाग त्याला परत मिळेनासा होतो. दुसऱ्या ग्राहकाचा फायदा तिथे आहे.

वापरलेल्या मालाचा रीतसर व्यापार करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला, खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल तर, केवळ खरेदी व विक्रीच्या फरकावर वस्तू व सेवा कर लागतो. त्याने एखाद्या व्यक्तीकडून घड्याळ ३,६०,००० ला घेऊन ४,२०,००० ला विकले, तर कर ६०,००० रुपयांवर, म्हणजे १०,८०० रुपये. पूर्ण किमतीवर तो ७५,६०० झाला असता. त्यामुळे वापरलेल्या घड्याळाच्या बिलावर कर कमी दिसला, तर लगेच संशय घेऊ नये. बिलच नसेल, तर मात्र घ्यावा.

आणखी एक बदल ध्यानात असू द्या. स्वित्झर्लंड ज्या गटात आहे, त्या युरोपीय गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी व्यापार करार केला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तो अमलात आला. स्विस घड्याळांवरील सीमाशुल्क त्यानुसार सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यावयाचे आहे. ग्राहकाला याचा किती लाभ पोहोचेल, हे कंपन्यांचे दर आणि स्विस फ्रँकचा रुपयातील भाव यांवर अवलंबून राहील. पण जुन्या, चढ्या शुल्काच्या काळात घेतलेल्या घड्याळाला पाच-सात वर्षांनी कमी शुल्काच्या नव्या घड्याळाशी बाजारात स्पर्धा करावी लागेल, हे उघड आहे. 'पुढे विकू तेव्हा भाव वाढलेलाच असेल' असे मानणाऱ्यांनी हा मुद्दा लिहून ठेवावा.

घड्याळाची किंमत दहा लाखांहून अधिक असेल, तर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता एक टक्का कर गोळा करतो. तो आपल्या पॅन क्रमांकावर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

विकणाऱ्याचा हक्क

बँकेत कर्जाचे प्रकरण आले की आम्ही आधी मालमत्तेची किंमत पाहत नसू, मालकी पाहत असू. ज्या सातबाऱ्यावर कर्जदाराचे नाव नाही, ती जमीन कितीही सुपीक असली तरी तिला तारण म्हणून काही किंमत नाही. वापरलेल्या घड्याळाला हाच नियम लावावा.

मालविक्रीच्या १९३० च्या कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व असे की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल, तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. चोराने विकलेली वस्तू पूर्ण पैसे मोजून घेतली, तरी ती आपली होत नाही. मूळ मालक ती मागू शकतो. वस्तू चोरीची आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना ती घेणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. बाजारभावाहून फार कमी किंमत, बिल नाही, रोखीचा आग्रह, आणि 'आजच ठरवा, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे' ही घाई, या चार गोष्टी एकत्र आल्या तर 'मला काय ठाऊक?' असे पुढे म्हणणे कठीण जाईल.

सीमाशुल्क कायद्यातील तरतूद तर फारच थोड्या ग्राहकांना माहीत असते. सर्वसाधारणपणे आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावयाचा असतो. परंतु १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या १२३ व्या कलमात सोन्यासोबत घड्याळांचाही नाव घेऊन उल्लेख आहे. चोरट्या आयातीच्या सबळ संशयावरून घड्याळ जप्त झाले, तर ते तसे आलेले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ते सापडले त्याच्यावर, आणि मालकी सांगणाऱ्यावर येते. 'दुबईहून भावाने आणले', 'पाहुण्यांनी येताना घालून आणले' अशी वाक्ये विक्रीच्या बोलण्यात फार सहज येतात. परदेशातून मर्यादेपलीकडील किमतीची वस्तू आणणाऱ्याने विमानतळावर ती जाहीर करून शुल्क भरावयाचे असते, मनगटावर घालून आणली तरीही. त्या शुल्काची पावती नसेल, तर हे वाक्य घड्याळाच्या बाजूने नाही, विरुद्ध आहे.

आता आपल्याच शास्त्राकडे पाहा. अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगताना चोरी करणाऱ्याइतकाच चोरीचा माल घेणाऱ्याचाही विचार केलेला आहे. चोरीने आणलेली वस्तू घेणे, हा तदाहृतादान. राज्याचे नियम डावलून व्यवहार करणे, हा विरुद्धराज्यातिक्रम. अस्सल म्हणून नक्कल चालविणे, हा प्रतिरूपकव्यवहार. वापरलेल्या घड्याळाच्या बाजारातील तीन मोठे धोके, म्हणजे चोरीचा माल, चोरटी आयात आणि बनावट वस्तू, हे नेमके याच तीन अतिचारांत बसतात. व्यापारी समाजासाठी लिहिलेला हा आचारधर्म आहे, हे अशा वेळी विशेष जाणवते.

डायल, अनुक्रमांक आणि घड्याळजी

पौष पौर्णिमेच्या सुमारास म्हसा येथे भरणारी यात्रा मुरबाड तालुक्यातील वाचकांना सांगावयास नको. तेथील बैलबाजारात शेतकरी बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, कोणाच्या गोठ्यातला आहे हे विचारतो आणि मगच भावाला हात घालतो. नवा मालक आणि जुना मालक यांच्यामध्ये उभे राहून नेमके काय पाहावयाचे, याचे शिक्षण आपल्या शेतकऱ्याला आहे. मोबाइलच्या पडद्यावर चार छायाचित्रे पाहून चार लाख पाठविणाऱ्या सुशिक्षितांना मात्र ते नाही.

वापरलेल्या घड्याळाचे दात पाहावयाचे म्हणजे काय? मूळ बिल आणि हमीपत्र मागावे. हमीपत्रावरील अनुक्रमांक घड्याळावर कोरलेल्या अनुक्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. विक्रीची तारीख आणि विक्रेत्याचा शिक्का त्यावर हवा. पूर्वी दुरुस्ती झाली असेल, तर सेवाकेंद्राची पावती पाहावी. त्यानंतर घड्याळ जाणकार घड्याळजीकडून, शक्य तर कंपनीच्या सेवाकेंद्रात, मागचे झाकण उघडून तपासून घ्यावे. आतील यंत्र त्याच कंपनीचे आणि त्याच मॉडेलचे आहे काय, भाग बदललेले आहेत काय, पाणी शिरल्याच्या खुणा आहेत काय, दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जाते, हे यंत्रावर लावून कळते. चोरीला गेलेल्या घड्याळांची अनुक्रमांकानुसार नोंद ठेवणारी 'द वॉच रजिस्टर' नावाची संस्था लंडनमध्ये आहे. मोठ्या किमतीच्या व्यवहारात तिथेही चौकशी करता येते. तपासणीचा खर्च जड वाटला, तर आपण किती रकमेचा व्यवहार करीत आहोत याची स्वतःला आठवण द्यावी.

'एवढी बनावट आपल्या भागात कोण करतो?' असे वाटत असेल, तर एक माहिती सांगतो. जगभरच्या घड्याळ-संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द रूढ आहे आणि तो कौतुकाचा नाही. जुन्या स्विस, जपानी किंवा एचएमटी घड्याळाचे डायल नव्याने रंगवावयाचे, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र बसवावयाचे, केस घासून चकचकीत करावयाची आणि 'जुने, अस्सल, उत्तम स्थितीत' म्हणून विकावयाचे, असा हा धंदा. दोन-तीन हजारांच्या 'जनता'वर ही कारागिरी करणे परवडते, तर लाखांच्या घड्याळावर किती परवडेल, याचा अंदाज वाचकांनी करावा. जुन्या घड्याळाचे डायल फारच तुकतुकीत दिसले, तर आनंद मानण्यापूर्वी थांबावे.

खरेदी शक्यतो नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून करावी. परदेशात रोलेक्स कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतःची वापरलेली घड्याळे तपासून, दोन वर्षांच्या हमीसह अधिकृत विक्रेत्यांमार्फत विकण्याची योजना सुरू केली. भारतातही इथॉस या सूचिबद्ध विक्रेत्या कंपनीचा 'सेकंड मूव्हमेंट' नावाने वापरलेल्या घड्याळांचा व्यवसाय आहे. ही नावे माहितीसाठी दिली आहेत, शिफारस म्हणून नव्हे. अशा ठिकाणी किंमत थोडी अधिक पडते, पण पक्के बिल मिळते, हमी मिळते आणि वाद झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. अनोळखी व्यक्तीशी केलेल्या खासगी व्यवहारात हा मार्ग बहुधा बंद असतो.

ओळखीच्या व्यक्तीकडूनच घ्यावयाचे असेल, तर लेखी पावती करावी. त्यात दोघांची नावे व पत्ते, मॉडेल, अनुक्रमांक, किंमत, आणि 'हे घड्याळ माझ्या मालकीचे असून अमुक तारखेस अमुक ठिकाणी खरेदी केले' असे विकणाऱ्याचे विधान असावे. मूळ बिल सोबत जोडावे. पैसे बँकेतून द्यावेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दंड विकणाऱ्याला असला, तरी रोखीने दिलेल्या पैशाचा पुरावा न राहणे हे नुकसान आपले आहे.

एक लहानशी सूचना पट्ट्याबद्दल. महागड्या घड्याळांचे पट्टे पुष्कळदा वासराच्या किंवा मगरीच्या चामड्याचे असतात आणि वर्णनात ते मोठ्या अभिमानाने लिहिलेले असते. आपल्या घरात हे चालणार नाही. पोलादी, कापडी किंवा रबरी पट्ट्याचे मॉडेल आधीच निवडावे. 'पट्टा नंतर बदलू' म्हटले, तरी चामड्याचे पैसे आपण दिलेलेच असतात.

शहापूरच्या पत्राला उत्तर

आता या तरुण मित्राला उत्तर. आपण गुंतवणूक हा शब्द वापरला आहे, तो कृपया मागे घ्यावा. काही मोजकी मॉडेल छापील किमतीहून अधिक दराने विकली जातात, हे खरे आहे. त्यांच्यासाठी अधिकृत दुकानात प्रतीक्षायादी असते, हेही खरे. पण हा पुनर्विक्रीचा बाजार २०२२ च्या पहिल्या सहामाहीत शिखरावर जाऊन पुढे दीर्घकाळ घसरत राहिला. त्या वेळी 'भाव वाढतच जाणार' म्हणून घेतलेल्यांचे काय झाले असेल, ते निराळे सांगावयास नको. घड्याळ व्याज देत नाही, लाभांश देत नाही, भाडे देत नाही. ते फक्त मनगटावर शोभते. आणि तेवढ्यासाठी घेणार असाल, तर तसे मोकळेपणाने म्हणण्यात काही कमीपणा नाही.

परंतु कोणत्या पैशातून, हा खरा प्रश्न आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्या रस्त्यावरून मोटारी भरधाव जातात, तेव्हा आपल्या तालुक्यातील किती कुटुंबांचे भाताचे खाचर त्याखाली आहे, हे बसणाऱ्यांना कळत नाही. मोबदला हे उत्पन्न नाही. ते जमिनीचे बदललेले रूप आहे. जमीन दरवर्षी भात देत होती, आता त्या रकमेने दरवर्षी काही दिले पाहिजे. शिवाय वडिलोपार्जित जमिनीच्या मोबदल्यात भावांबरोबर बहिणींचाही वाटा असतो. तो ठरून, मिळून, प्रकरण मिटेपर्यंत त्या रकमेला आपली म्हणता येत नाही. पन्नास वर्षे पिकणारे शेत देऊन पाच वर्षांत तिसरा हिस्सा गमावणारी वस्तू घेणे, हा व्यवहार वडिलांना खटकला असेल, तर त्यांचे बरोबर आहे.

म्हणून माझा सल्ला असा. मोबदल्याच्या मुद्दलाला हात लावू नये. ते सुरक्षित ठेवींत आणि शक्य तर दुसऱ्या जमिनीत घालावे. आपल्या स्वतःच्या कमाईतून दरमहा ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत टाकावी. ती पुरेशी झाल्यावरही इच्छा तेवढीच टिकली, तर वापरलेले घड्याळ, सर्व कागदांसह, नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घ्यावे. स्वतः वापरण्यासाठी घेणाऱ्या, खातरजमेसाठी वेळ देऊ शकणाऱ्या माणसाला वापरलेले घड्याळ हा शहाणपणाचा पर्याय आहे. कर्ज काढून किंवा हप्त्यांवर मात्र नवेही नको आणि वापरलेलेही नको. आणि मधल्या काळात टायटनसारख्या भारतीय कंपन्यांची स्वयंचलित घड्याळेही पाहून ठेवावीत. ती या किमतीच्या लहानशा अंशात मिळतात आणि तेवढीच निष्ठेने चालतात.

मुरबाडच्या पत्राला उत्तर

मुरबाडच्या आदरणीय बंधूंना उत्तर देताना हात थोडा जड होतो. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. भेट द्यावयाची असेल तर नवे द्यावे. आपण स्वतःसाठी घेतलेल्या वस्तूची शंका आपण स्वतः फेडू शकतो. दिलेल्या भेटीचे बिल जावयाला सासऱ्याकडे मागता येत नाही. चार वर्षांनी तो घड्याळ दुरुस्तीला घेऊन गेला आणि 'यातील यंत्र कंपनीचे नाही' असे सेवाकेंद्राने सांगितले, तर ते वाक्य दोन घरांत वर्षानुवर्षे फिरेल आणि ऐकावे लागेल ते आपल्या कन्येला. १,८०,००० रुपयांच्या बचतीसाठी ही जोखीम घेण्याजोगी नाही. सहा लाख ऐपतीबाहेर असतील, तर ऐपतीत बसणारे लहान किमतीचे, पण नवे घड्याळ घ्यावे. आधी रक्कम ठरवावी, मॉडेल नंतर निवडावे. वापरलेलेच द्यावयाचे झाले, तर ते वापरलेले आहे हे आधी सांगून, कागदांसह द्यावे.

पण आपल्या पत्रातील एका ओळीवर मी अडलो. 'मॉडेलचे नाव मुलाकडून कळविण्यात आले आहे', असे आपण लिहिता. सासऱ्याने हौसेने जावयाला घड्याळ देणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. नाव आणि किंमत समोरून कळविली जाणे ही रीत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून आहे आणि त्यात मागणे, घेणे आणि देणे हे तिन्ही गुन्हे आहेत. मागणीविना, रूढीनुसार आणि देणाऱ्याच्या आर्थिक स्थितीला झेपेल एवढी भेट वरास देता येते. तिचीही वर्णन व अंदाजे किंमत यांसह लेखी यादी ठेवावी, असे १९८५ चे नियम सांगतात. ती यादी करावी, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

त्याआधी मात्र कन्येला शेजारी बसवून विचारावे की हे नाव कोणी, कशा शब्दांत सांगितले. गप्पांच्या ओघात मुलाने आपली आवड बोलून दाखविली असेल, तर ती गोष्ट निराळी. निरोप म्हणून आले असेल, तर आपल्यासमोरचा प्रश्न नव्या-जुन्या घड्याळाचा नाहीच. घड्याळाची खातरजमा सेवाकेंद्रात होते. माणसांची खातरजमा लग्नापूर्वीच्या अशा लहान प्रसंगांत होते, आणि तिच्यासाठी मार्गशीर्षापर्यंत आपल्याजवळ अवधी आहे. व्याह्यांना भेटून, आदराने पण स्पष्टपणे, 'आमच्या ऐपतीप्रमाणे आणि आमच्या आवडीने देऊ' एवढे सांगावे. त्यावर मिळणारे उत्तर नीट ऐकावे. त्या उत्तरावरून जे कळेल, ते सहा लाखांच्या कोणत्याही घड्याळापेक्षा मोलाचे असेल.

दोन्ही वाचकांनी जो निर्णय घ्याल तो कळवावा, ही विनंती.